निजणारं भात

आमच्या भात संशोधन केंद्रात कामाच्या वेळी झोपायला सक्त मनाई होती, आणि रायर रोज दुपारी झोपत. या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली वर्षानुवर्षं सुखाने नांदल्या. जेवण झालं की ते डोक्यावरची पगडी उतरवून सूक्ष्मदर्शकावर ठेवत, पुढ्यात एखादा कागद घेत आणि हनुवटी छातीला लावत. घोरणं नाही, लवंडणं नाही. नव्या माणसाला वाटावं, गृहस्थ वाचनात गढलेत. नोकरीला लागलो त्या आठवड्यात मीही त्यांच्यासमोर उभा राहून माझं काम सविस्तर सांगितलं होतं. शेवटी डोळे न उघडता ते "बरें आहे" म्हणाले, आणि मी पोटभर शाबासकी मिळाल्यासारखा जागेवर जाऊन बसलो.

रायर हे त्यांचं नाव नव्हे. तंजावुरात आम्हां मराठी माणसांना तमिळ लोक राव नाहीतर रायर म्हणतात, नावाची चौकशी नंतर. यांच्या बाबतीत ती कुणी केलीच नाही. शोधनिबंधावर मोठ्या साहेबांचं नाव असायचं, शेतातल्या पाटीवर भाताचा नंबर असायचा, मध्ये रायरांना जागाच नव्हती. मीही त्यांचं नाव इथे लिहीत नाही. इतक्या वर्षांनी उगाच त्यांना संकोच वाटायला नको.

सकाळचे रायर मात्र निराळेच. तांबडं फुटायच्या आत चिखलात उभे. भाताचं फूल उमलायच्या आधी त्याच्या तुसाचं टोक कात्रीने उडवायचं, आतले सहाच्या सहा पुंकेसर चिमट्याने काढायचे, वर कागदी पिशवी चढवायची आणि ऊन वर आलं की दुसऱ्या वाणाचा पराग तिच्यात झटकायचा, असं ते काम. एक पुंकेसर राहिला तरी सगळं फुकट. आमचे तरुण पोरगे दहा फुलांत आठ बिघडवायचे. रायरांचं एकही बिघडत नसे. पिशव्या चढवलेल्या ओळीजवळून कुणी मोठ्याने बोलत गेलं तर ते ओठांवर बोट ठेवत. "हळू बोल रे. आंत काम होऊनलेतें," म्हणत. आता पुण्यात राहून माझी भाषा धुऊन निघाली आहे, आणि हे 'होऊनलेतें', म्हणजे चाललं आहे, ऐकून माझ्या सुना हसतात. हसू देत. तंजावुरात ते असंच होतं.

त्यांना काय हवं होतं, हे आधी सांगायला हवं. आमच्याकडे कावेरीला पाणी सुटलं की पहिलं पीक घेतात ते कुरुवै. ते झटपट येतं, पण कापणीला येतं नेमकं आश्विनातल्या पावसाच्या तोंडावर. पाऊस दोन दिवस आधी आला की भात उभ्यानेच भिजतं, आणि भिजलं की लोंबीवरच्या लोंबीवर त्याला मोड येतात. कापणीला आलेलं शेत डोळ्यांदेखत हिरवं होतं. ते दाणे ना खायला उपयोगी ना पेरायला. रायरांचं म्हणणं एवढंच, की या दाण्याला झोप हवी. पिकून तयार झाला तरी दोनअडीच महिने त्याने निजून राहावं, कितीही भिजलं तरी डोळा उघडू नये. समुद्राकाठच्या गावांत लाल तुसाचं एक जाडंभरडं भात होतं, त्याला अशी झोप होती. त्याच्याशी आपल्या कुरुवैचा संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करत रायर ती झोप बारीक तांदळात आणत होते. मी लागलो तेव्हा या उद्योगाला बरीच वर्षं झाली होती. "तुज वाटतें जागणें थोर," मला म्हणायचे. "कोणी पाणी ओतिलें कीं कोणीही जागा होतो. निजून राहावयास अक्कल लागते."

नेमकं त्याच काळात देशात सगळ्यांनी एकमेकांना जागं करायचं काम काढलं होतं. आमच्या मोठ्या साहेबांनी केंद्रभर पाट्या लावल्या होत्या. 'जागा शेतकरी, जागा देश' अशी एक पाटी रायरांच्या टेबलाच्या बरोबर वर होती, आणि तिच्याखाली ते झोपत. साहेबांचंही एक वाण होतं. लवकर येणारं, भरघोस, दिसायला देखणं. खत दाखवलं की तरारून उठायचं. झोप मात्र नावालाही नाही. ओल्या फडक्यावर सकाळी ठेवलं तर परवा मोड. साहेब पाहुण्यांना ते मोड दाखवत आणि म्हणत, "याला म्हणतात उत्साह." साहेब तमिळ होते आणि इंग्रजीत बोलत, इथे मी त्यांना मराठी बोलायला लावतोय, त्याबद्दल त्यांचा आत्मा मला क्षमा करो.

झोपेची परीक्षा रायर घरी घेत. केंद्रात ओल्या खोलीची सोय मागितली होती, पण 'झोपेसाठी खोली' हा अर्ज वाचून साहेबांचा गैरसमज झाला आणि तो नामंजूर झाला. मग लोंब्या रायरांच्या न्हाणीघरात गेल्या. दोरीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या लोंब्यांच्या रांगा, प्रत्येकीला चिठ्ठी. आंघोळ करणाऱ्याने आधी त्यांच्यावर पाणी शिंपडायचं, मग स्वतःवर घ्यायचं, असा घरचा नियम. मोड आले ती लोंबी नापास. ती ते खरोखर रागावून बाहेर फेकत, आणि तिच्या घराण्याची पूर्ण ओळ शेतातून उपटून टाकत. मामींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, या सगळ्यावर एकच शेरा असे. मी गेलो की कॉफी पुढे करत म्हणायच्या, "लोकांच्या घरीं भात चुलीवर जातें. आमच्याकडे तें न्हाणींत जातें, आणि आम्ही चुलीशीं वाट पाहतों."

शेवटी एक ओळ पास झाली. न्हाणीत ती इतके दिवस लटकली की गोणपाट कुजलं, पण दाणा ढिम्म हलला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तांदूळ बारीक, पीक साहेबांच्या वाणापेक्षा थोडं कमी, पण झोप गाढ. रायर त्या लोंबीकडे ज्या नजरेने बघत त्या नजरेने त्यांनी आपल्या मुलांकडेही पाहिलेलं मला आठवत नाही. पुढच्या हंगामाची कापणी झाल्यावर ती जिल्ह्यात चाचणीला पाठवायची होती. त्यासाठी बियाण्याचं ठरावीक वजन भरायला हवं होतं, आणि आमच्या गोणी थोड्या कमी भरल्या. रायरांनी आपल्या कपाटातला त्याच कापणीच्या राखीव बियाण्याचा डबा काढला आणि तोही गोणीत उपडा केला. मी म्हटलं, मूठभर तरी ठेवा. "सरकारी बीं आहे," ते म्हणाले. "चांचणीस जातें तें अस्कि जावें. घरीं मूठ ठेवणें म्हणजे चोरी." अस्कि म्हणजे सगळं. तर सगळंच केंद्राच्या कोठारात गेलं, तपासणी झाली की तिथून जिल्ह्यात जायला. न्हाणीतल्या लोंब्यासुद्धा त्यांनी झोडपून त्यात घातल्या.

त्याच वर्षी मंत्र्यांच्या हस्ते साहेबांच्या वाणाची कापणी व्हायची होती. मांडव पडला, विळ्याला लाल रेशमी फीत बांधली. मग मंत्र्यांचं येणं लांबलं, आणि कापणीही लांबली. मंत्र्यांआधी कापणार कोण? तेवढ्यात पाऊस आला आणि चांगला धो धो आला. रायरांचं भात आम्ही त्याआधीच कापलं होतं, पण मुद्दाम कोपऱ्यात एक वाफा उभा ठेवला होता. मंत्री आले तेव्हा तो वाफा भिजून काळपट पडला होता, आणि साहेबांचं आख्खं शेत लोंबीलोंबीला मोड फुटून पोपटी झालं होतं.

मला वाटलं, आता साहेब तोंडावर आपटले. मंत्री बांधावर उभे राहिले, शेताकडे बघत राहिले आणि भारावून म्हणाले, "कापणीच्या दिवशीसुद्धा एवढी हिरवाई!" साहेबांनी नम्रपणे मान खाली घातली. रायर मागच्या खुर्चीवर होते. सर्वांना वाटत होतं झोपलेत, पण ते उठले आणि स्वच्छ तमिळमध्ये म्हणाले, "सार, ही हिरवाई नव्हे. मोड आलेत. हे पीक गेलं." मग मंत्री उजळले. "मोड आलेत? म्हणजे केवढं जिवंत बियाणं!" टाळ्या झाल्या. पहिली मूठ मंत्र्यांनी कापली, फोटो निघाला. कोपऱ्यातल्या वाफ्याकडे बोट दाखवून मंत्र्यांनी विचारलं, "ते मेलेलं काय आहे?" साहेब म्हणाले, "जुना प्रयोग आहे, सार." मंत्र्यांची गाडी हलताच त्यांनी तो वाफा कापून गुरांपुढे टाकायला लावला.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. रायरांनीही नेलं. त्यांची भिस्त तंजावूरच्या बियाणे तपासणी प्रयोगशाळेवर होती. दोन्ही वाणांचे नमुने तिथे गेले. साहेबांनी पावसाआधी थोडं भात गुपचूप कापून सुकवून ठेवलं होतं, तो नमुना रसरसून उगवला. रायरांच्या नमुन्यातला एकही दाणा उगवला नाही. कसा उगवेल? कापून महिना झाला नव्हता. दाणे झोपले होते. ज्या गुणासाठी रायरांनी अर्धं आयुष्य चिखलात काढलं, त्याच गुणावर प्रयोगशाळेने शेरा मारला: उगवण नाही, बियाणं मृत.

आम्ही दोघं प्रयोगशाळेत गेलो. तिथले अधिकारी फार टापटिपीचे, बोलण्याआधी रुमालाने ओठ टिपणारे. रायर म्हणाले, पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, होईपर्यंत थांबा, आपोआप उगवेल. अधिकारी म्हणाले, "नियम दोन आठवड्यांचा आहे. दोन आठवड्यांत न उगवणारं ते सरकारदरबारी मेलेलं." रायर म्हणाले, मग थोडे दिवस गरम कपाटात ठेवून बघा, झोप मोडेल. त्यावर ते गृहस्थ दुखावले. "म्हणजे बियाण्याला लालूच दाखवून उगवायला लावू? मग परीक्षा कसली?" रायर उपरणं सावरून उठले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हे गृहस्थ रात्रीं निजतात कीं नाहीं? निजले असतां कोणी मेले म्हणून नेलें तर?"

त्यानंतर रायर दुपारचे झोपेनासे झाले. केंद्रात याची वार्ता झाली, साहेबांना तर पाट्यांचा परिणाम झाला असंच वाटलं. रायर टक्क डोळ्यांनी बसत आणि मला विचारत, "मद्रासेस जाऊं कां? थोरल्या कचेरींत?" आपल्या साहेबाला डावलून वर जायचं म्हणजे त्या काळी नोकरीवर पाणी सोडणं. त्यांची निवृत्ती जवळ आलेली, पेन्शन साहेबांच्या सहीवर. मामींनीच निकाल दिला. त्या म्हणाल्या, "जाऊन या. नाहीं तर माझी न्हाणी इतकीं वर्षें कशास अडविली?"

मी सोबत गेलो. शेतकी खात्याच्या मोठ्या कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसून राहिलो, आणि तिथे रायर एकदाही पेंगले नाहीत. पगडी नीट, उपरणं नीट, मांडीवर लोंबीचं चित्र काढलेला पुठ्ठा. अखेर एका वृद्ध अधिकाऱ्याने आत बोलावलं. हा माणूस लहानपणी शेतात वाढलेला असावा, कारण त्याला पहिल्या वाक्यात कळलं. तो म्हणाला, "अहो, मग हेच तर पाहिजे!" त्याने तिथल्या तिथे आदेश दिला, पोंगलनंतर फेरतपासणी, आणि फोनवर आमच्या साहेबांनाही कळवतो म्हणाला. परतीच्या गाडीत रायरांनी मला स्वतःच्या पैशाने दोन वेळा कॉफी पाजली. असा त्यांचा लौकिक नव्हता.

केंद्रात पोचलो तर बियाण्याच्या कोठाराला चुना लावणं चाललं होतं. कोठार रिकामं होतं. साहेब प्रसन्न चेहऱ्याने समोर आले. फोन पोचला होता, ते फेरतपासणीला आनंदाने तयार होते. फक्त बियाणं नव्हतं. मृत बियाणं कोठारात ठेवायचं नाही असा नियम असल्यामुळे त्यांनी ते, प्रयोगशाळेतून परत आलेल्या नमुन्यासकट, खाण्याचं धान्य म्हणून विकून टाकलं होतं. बस स्टँडजवळच्या अय्यरच्या खाणावळीने घेतलं होतं, आणि गोणी परस्पर गिरणीत गेल्या होत्या. साहेब दुष्ट नव्हते, हे मी आजही म्हणेन. त्यांना नियम ठाऊक होता, आणि माणसाला तेवढं पुरतं.

आम्ही गिरणीकडे धावलो. रायरांना धावताना मी प्रथमच पाहिलं. आमच्याकडे भाताचं तूस तसंच काढत नाहीत, आधी भिजवून वाफेवर उकडतात, मग वाळवून सडतात. उकडलेला दाणा पुन्हा कधी उगवत नाही. गिरणीच्या अंगणात आमचं भात उन्हात पसरलेलं होतं आणि दोन बाया पायांनी ते परतत होत्या. अंगणभर उकडल्याचा गोडसर वास होता. रायर खाली बसले. एक दाणा उचलून त्यांनी नखाने सोलला, उजेडात धरला. आतला तांदूळ काचेसारखा झाला होता. मला रडू आलं, मी तोंड फिरवलं. रायर शांतपणे म्हणाले, "आतां प्रयोगशाळेचा निकाल खरा जाहला."

दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी अय्यरच्या खाणावळीत जेवायला जाऊ लागले. घरचं जेवण सोडून खाणावळीत जेवणारा मराठी ब्राह्मण म्हणजे गावाला बोलायला विषय. बायकोशी भांडण झालं, अशी बातमी पसरली. खरं तर मामीच त्यांना वेळेवर घराबाहेर काढत. एकदा मी न राहवून विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "इतक्या वर्षांचें काम. परक्यांनीं खाल्लें, मीं चाखिलें नाहीं, असें कां व्हावें?" मग मीही त्यांच्या शेजारी बसू लागलो. भात खरंच सुरेख होता. मोकळा, हलका, रसमात भिजूनही दाणा न् दाणा वेगळा. रायर पहिला घास नुसता खात, डोळे मिटून. मी त्या वेळी त्यांच्याकडे बघायचं टाळत असे.

एके दिवशी आमच्या समोरच्या पाटावर प्रयोगशाळेचे ते रुमालवाले अधिकारी येऊन बसले. त्यांनी आम्हांला ओळखलं नाही. नमुन्यांचा निकाल लावणाऱ्याला माणसं कुठे लक्षात राहतात? तीनदा भात वाढून घेतल्यावर ते अय्यरला म्हणाले, "काय हो, कुठला तांदूळ हा? असा मी तंजावुरात खाल्ला नाही." अय्यर हात पुसत म्हणाला, "आज संपला, सार. मलाही पुन्हा मिळेल तर हवाय. उद्यापासून ते मंत्र्यांनी कापलेलं नवीन वाण."

मी रायरांकडे बघितलं. आता हे बोलणार, असं मला वाटलं, आणि बोलावंच, असंही वाटलं. त्यांनी पानातलं शेवटचं शीत टिपून खाल्लं आणि केळीचं पान दुमडलं. जेवण झालं की पान वरून आपल्याकडे दुमडायचं, ही आमच्याकडची रीत. त्याचा अर्थ तृप्त झालो, पुन्हा येईन. रायरांनी पान खालून वर, आपल्यापासून पलीकडे दुमडलं. तसं फक्त मर्तिकाच्या जेवणाला दुमडतात, ते घर पुन्हा अशा जेवणाला बोलावू नये म्हणून.

अय्यरने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "रायर, हे काय? भातात काही कमी होतं का?"

"नाहीं हो," रायर उठत म्हणाले. "भातांत कांहीं कमी नव्हतें." आणि ते हात धुवायला गेले.